एका सिलिंडरची फटफटी

आमच्या पणदऱ्यात एके काळी माणूस दिसण्याआधी त्याचा आवाज येत असे. नीरेकडून बारामतीला जाणाऱ्या रस्त्यावर कोऱ्हाळ्याच्या बाजूने एखादी मोटारसायकल येऊ लागली, की पारावर बसलेली मंडळी मान न वळवता तिच्या मालकाचे नाव सांगत. "ही दूधवाल्याची राजदूत." "हा कारखान्याचा चिटबॉय, जावा दिसतीय." आणि मग एखादा संथ, जाड, मोजून टाकल्यासारखा आवाज आला, की कोणीतरी म्हणे, "आबा आलं. आज लवकर परतलं." हे आबा म्हणजे माझे वडील.

या वाहनाला मराठी माणसाने 'फटफटी' असे नाव दिले. कोणत्याही कोशकाराला न विचारता, नुसत्या कानाने ठेवलेले हे नाव आहे. आणि गंमत अशी, की ते अगदी शास्त्राला धरून आहे. जिचे ठोके एकेक करून ऐकू येतात तीच खरी फटफटी. चार सिलिंडरांच्या मोटारीला आपण कधी फटफटी म्हटले नाही. तिचे ठोके एकमेकांत मिसळून जातात आणि कानाला नुसती घरघर उरते. एकाच सिलिंडरचे इंजिन मात्र दोन ठोक्यांच्या मध्ये श्वास घेते, आणि तो श्वास ऐकू येतो.

आबांची ती बुलेट आजही माझ्या पडवीत उभी आहे. ती १९७३ सालच्या बांधणीची. रोजच्या कामाला माझ्याकडे दुसरी, बटण दाबताच चालू होणारी नवी मोटारसायकल आहे. शाळा, बाजार, रानातली चक्कर ही सारी कामे ती मुकाट्याने करते. बुलेट बाहेर निघते ती आठवड्यातून एकदा, बहुधा रविवारी. आमच्या सौभाग्यवतींनी तिचे नाव 'सवत' ठेवले आहे. "सवतीचं तेलपाणी झालं असेल तर जेवायला या," ही हाक आमच्या आळीत आता सर्वांना पाठ झाली आहे.

शाळामास्तराने दुसरी मोटारसायकल बाळगावी, आणि तीही पन्नाशी उलटलेली, ही चैन की खूळ, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. एका गृहस्थांनी तर नोटा पुढे ठेवूनच विचारले. त्यांना काय सांगावे याचा विचार करता करता मी या फटफटीच्या कुळाच्या इतिहासात शिरलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

जर्मनीतील कानस्टाट गावी गोटलीब डाइम्लर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख या दोघांनी १८८५ साली लाकडी सांगाड्याच्या एका दुचाकीत स्वतः बनविलेले इंजिन बसविले. सिलिंडर एकच, आकारमान २६४ घन सेंटिमीटर, आणि ताकद जेमतेम अर्ध्या घोड्याची. गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना लहान चाके लावलेली. डाइम्लरला खरे म्हणजे मोटारसायकल करायची नव्हतीच. आपले इंजिन एखादे वाहन ओढते की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते. पुढे १८९४ साली हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विकण्यासाठी म्हणून पहिली मोटारसायकल बाजारात आणली, तिला मात्र दोन सिलिंडर होते. तेव्हा दोन सिलिंडर करता येत नव्हते म्हणून लोक एकावर राहिले, असे नव्हे. एकाच्या गाडीत मोडायला वस्तू कमी, वजन कमी, किंमत कमी. आणि रस्त्याच्या कडेला बसून ती दुरुस्त करणे एका माणसाला शक्य. म्हणून साध्या माणसाच्या वाट्याला एक सिलिंडर आला, आणि तो त्याच्याकडेच राहिला.

इंग्लंडात रेडिच नावाचे गाव आहे. ते पूर्वीपासून सुया बनविण्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या एका सायकल कंपनीने एनफील्ड येथील सरकारी बंदूक कारखान्याला सुटे भाग पुरविले, आणि त्यावरून आपल्या मालाला 'रॉयल एनफील्ड' हे नाव घेतले. तोफेचे चित्र हे तिचे चिन्ह. १९०१ साली तिने पहिली मोटारसायकल केली, आणि १९३२ साली 'बुलेट' हे नाव प्रथम वापरले. सुई, बंदूक आणि फटफटी ही तीन नावे एका गावाच्या इतिहासात अशी ओळीने बसलेली पाहून मला मोठी मौज वाटली.

आता या इंजिनाच्या पोटात काय असते ते थोडे सांगतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकविताना मी मुलांना नेहमी आमच्या बुलेटचेच उदाहरण घालतो. तिच्या सिलिंडरचा व्यास सात सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या साडेतीन. २२/७ धरून गुणाकार केला की क्षेत्रफळ बरोबर साडेअडतीस चौरस सेंटिमीटर येते. पिस्टनची धाव नऊ सेंटिमीटर. साडेअडतीसला नवाने गुणा. ३४६ आणि वर अर्धा. हिलाच जग 'साडेतीनशे' म्हणते. व्यासापेक्षा धाव लांब, ही त्यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट. अशी इंजिने धावपळीला मंद, पण ओढायला खंबीर असतात.

पिस्टन चार धावा करतो. पहिलीत पेट्रोल आणि हवा आत ओढतो, दुसरीत ती दाबतो, तिसरीत ठिणगी पडून ती जळते, आणि चौथीत धूर बाहेर फेकला जातो. या चारांपैकी कमाईची धाव एकच. उरलेल्या तिन्ही खर्चाच्या. त्या एका धावेत मिळालेला जोर आतले जड लोखंडी चाक साठवून ठेवते आणि पुढच्या तीन धावा त्यावर भागवते. वर्षाकाठी एकदा येणाऱ्या उसाच्या बिलावर सारे वर्ष काढणाऱ्या आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा संसार समजावून सांगावा लागत नाही. चार धावांत चाकाचे दोन फेरे होतात, म्हणून दोन फेऱ्यांना ठोका एक. उभ्या गाडीचे चाक मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर ठोके पडतात ४००, म्हणजे सेकंदाला सहा-सात. माणसाचा कान एवढे ठोके वेगळे ओळखू शकतो. 'फटफटी' शब्दाचे मूळ या हिशेबात आहे.

परंतु आमच्या भागाला हा आवाज बुलेटने शिकविला नाही. तो त्या आधीचा आहे. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला, आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात पाणी आले. १९१४ साली दौंडहून बारामतीला अरुंद रुळांची छोटी आगगाडी आली. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर वसविले, आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कालव्याचे पाणी पाळीने मिळे. पाळी चुकली की विहीर. विहिरीवर मोट होती, पण ऊस मोटेच्या पाण्यावर तगेना. तिथे इंजिन आले.

ही इंजिनेही आपल्याच मुलखातली. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकापासून डिझेल इंजिने होत असत, आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. विहिरीच्या काठावर सिमेंटच्या ओट्यावर बसविलेले, बाजूला भलेमोठे चाक असलेले, एका सिलिंडरचे ते इंजिन रात्रभर डुक-डुक करीत चाले. गुऱ्हाळाचा चरकही त्यावरच फिरे. आमच्या पिढीतली कितीतरी पोरे त्या आवाजावर झोपी गेली. रात्री मध्येच आवाज थांबला, की घरातली मोठी माणसे अंथरुणातून उठून बसत.

आणि इथेच मला या इतिहासातला एक धागा सापडला. विहिरीवरचे इंजिन हँडल मारून सुरू करताना आधी वरचा एक छोटा दांडा उचलावा लागे. त्याने आतली दाबलेली हवा निसटे आणि चाक हलके फिरे. चाकाने वेग घेतला की दांडा सोडायचा. मग दाब बसून इंजिन पेट घेई. बुलेटच्या हँडलला डाव्या हाताशी असाच एक लहान दांडा असतो. किक मारण्यापूर्वी तो दाबून पिस्टन नेमक्या जागी आणायचा असतो. युक्ती एकच. म्हणून जो मिस्त्री विहिरीवरच्या इंजिनाचे वॉल्व्ह घासून देई, त्याला बुलेट परकी वाटली नाही. मद्रासहून आलेली विलायती घडणीची गाडी आमच्या खेड्यात टिकली याचे श्रेय जितके कारखानदारांना, तितकेच त्या मिस्त्र्यांना आहे. त्यांनी तिला विहिरीवरच्या इंजिनाची धाकटी बहीण मानले.

ती मद्रासहून कशी आली, तेही ऐका. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सीमेवरच्या गस्तीसाठी आपल्या सैन्याला मोटारसायकली हव्या होत्या. सरकारने ३५० च्या ८०० बुलेट मागविल्या. हे काम पुढे चालू राहणार हे ओळखून १९५५ साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून 'एनफील्ड इंडिया' काढली, आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी विलायतेहून सुटे भाग येत आणि इथे नुसती जोडणी होई. १९६० नंतर लवकरच सारे भाग इथेच होऊ लागले. पुढे १९७० च्या सुमारास रेडिचच्या मूळ कंपनीचा कारभार आटोपला. आई गेली आणि लेक सासरी नांदत राहिली! १९७७ साली तर मद्रासच्या बुलेट उलट इंग्लंडात विकायला जाऊ लागल्या.

तिला भावंडेही मिळाली. १९६१ साली म्हैसूरला जावाचा कारखाना निघाला. मूळ घराणे चेकोस्लोव्हाकियातले. तिचा एकच दांडा किकचेही काम करी आणि गिअरचेही. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या नमुन्यावर बेतलेली. दुधाचे कॅन दोन्ही अंगांना टांगून ती कसल्याही बांधावरून जाई. या दोघी दोन धावांच्या, म्हणून त्यांचे ठोके घाईचे. पुण्यात बजाजची स्कूटर होत होती, पण तिच्यासाठी नाव नोंदवून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत. या साऱ्या वाहनांचा सिलिंडर मात्र एकच, हे विसरू नये.

आबांनी बुलेट घेतली ती १९८४ साली, बारामतीच्या एका गृहस्थांकडून, वापरलेली. उसाचे एक अख्खे बिल तिच्यात गेले. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला मागे बसवून जेजुरीला नेले, आणि देवाला भंडारा वाहून आणले. मी टाकीवर बसलो होतो, एवढे आठवते. टाकी गरम होती आणि तिच्यातून ठोके माझ्या पोटात येत होते.

नेमक्या पुढच्याच वर्षी, १९८५ साली, हिरो होंडाची शंभराची मोटारसायकल आली. तिचे इंजिन ९७ सी.सी.चे, तेही चार धावांचे आणि एकाच सिलिंडरचे. पण ते सुतासारखे चाले आणि पेट्रोल चवीपुरते घेई. पाहता पाहता दूधवाले, चिटबॉय, मास्तर सारे तिच्याकडे वळले. पारावरच्या मंडळींचे ओळखण्याचे कसब तिने संपविले, कारण सगळ्यांचा आवाज सारखा झाला. यात रडण्यासारखे काही नाही. ज्याला रोज तीस कोस जायचे त्याने बुलेटच्या हौसेपायी पेट्रोल का जाळावे? आमची बुलेट धूरही जास्त सोडते, हे मला शाळेत पर्यावरणाचा धडा शिकविताना दर वेळी आठवते. अखेर आबांनीही शंभराची एक घेतली, आणि बुलेट घरातली दुसरी गाडी झाली. ती दुसरी झाली म्हणूनच वाचली, असे मला आता वाटते. एकुलती राहिली असती तर कामाला जुंपून तिचा खुळखुळा झाला असता.

पण दुसरी गाडी बाळगण्यात एक धोका आहे, आणि त्याची किंमत मी दिलेली आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. आजच्या साऱ्या गाड्यांचे याच्या बरोबर उलट. सहा दिवस नवी चालवून सातव्या दिवशी जुनीवर बसलो, की हे पायांना सांगावे लागते. चार वर्षांपूर्वी, उसाचा हंगाम ऐन भरात असताना, मी संध्याकाळी माळेगावकडून येत होतो. रानाच्या वाटेवरून उसाने भरलेली एक बैलगाडी अचानक रस्त्यावर आली. मी सारा जोर लावून उजवा पाय दाबला. तो ब्रेक नव्हता, गिअर होता; आणि चौथ्या गिअरात असताना तो दांडा खाली दाबला तर काहीच होत नाही. गाडी तशीच पुढे गेली. मी हँडल वळविले आणि दोघेही चारीत गेलो. गुडघा फुटला, हँडल वाकले. बैल मात्र जागचे हलले नाहीत.

घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, "त्यांची होती तोवर ठीक होतं. आता काढून टाक." आईने कधी नव्हे ते सांगितले, म्हणून मीही मनाशी तसे ठरविले.

हँडल सरळ करायला मात्र मिस्त्रीकडेच न्यावे लागले. आमचे मिस्त्री आता थकले आहेत. आयुष्य विहिरीवरच्या इंजिनांत गेले. हल्ली डोळ्यांना जवळचे दिसत नाही. मी त्यांना सारे सांगितले. त्यांनी गाडीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, चूक गाडीची न्हाई आन् पायाचीबी न्हाई. तुम्ही घाईत बसता. किक मारायच्या आदी दोन्ही पाय जागच्या जागी दाबून बगायचं. हा गिअर, ह्यो ब्रेक. रोज. आबा धा वर्सं झाल्यावरबी बगायचं."

आबा असे करीत, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. ती त्यांची लकब आहे, असे समजत होतो.

त्या दिवसापासून मिस्त्रींनी मला शिकवायला घेतले. त्यांचे डोळे गेले, पण कान जागेवर होते. पॉइंटमधली फट सुमारे चार दशांश मिलिमीटरची ठेवायची, अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक अलगद दाबायची, मग डाव्या हाताचा दांडा ओढून पाय किंचित पुढे न्यायचा, आणि दांडा सोडून एकदाच, पण पुरती, किक मारायची. बळ लागत नाही, जागा सापडावी लागते. एवढे शिकायला मला, एका मास्तराला, तीन महिने लागले. आणि शिकत असताना गाडी विकायची राहूनच गेली.

मग ते नोटावाले गृहस्थ आले. माणूस सज्जन, जुन्या गाड्यांचा खरा शौकीन. २०२१ सालच्या जुलैत केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नवे नियम काढले. पन्नास वर्षे पुरी झालेली आणि मूळ रूपात असलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. आमच्या बुलेटने २०२३ साली पन्नाशी ओलांडली होती. गृहस्थ म्हणाले, "मी तिची अशी नोंद करीन, काचेसारखी ठेवीन." मी नियम वाचला. त्यात पुढे असेही आहे, की अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, मिरवणूक अशा प्रसंगांपुरतीच काढायची. नियमात गैर काही नाही. म्हाताऱ्या माणसाला मान देऊन पाटावर बसवावे, तसाच तो आहे. पण मी मिस्त्रींना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "उभं इंजिन आतनं गंजतंय, गुरुजी. चालतं इंजिन झिजतंय. काय पायजे ते तुम्ही ठरवा."

मी आईला विचारायला गेलो. तिने माझ्या गुडघ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "पाय बघून बसतोस ना आता?" मी हो म्हटले. "मग राहू दे." १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या दुचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क ३०० वरून १,००० रुपये झाले होते, मी नेहमीसारखी साधी फेरनोंदणी करून घेतली. गृहस्थांना चहा दिला आणि नोटा परत दिल्या. आजही ते दिवाळीला फराळाला येतात, आणि पडवीत थोडा वेळ उभे राहून जातात.

शेजारच्या बारामतीत २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरचा कारखाना आहे. तिथेही एका सिलिंडरचीच इंजिने होतात. देशातल्या बहुतेक दुचाक्या आजही एकाच सिलिंडरवर चालतात. म्हणजे ज्या कुळाची कथा मी सांगतो आहे ते कूळ बुडालेले नाही. उलट घरोघर नांदते आहे. नाहीसे होते आहे ते एवढेच, की ते इंजिन माणसाकडे काही मागत नाही. आमची बुलेट मागते. कान मागते, पाय मागते, रविवारची सकाळ मागते. रोज असे मागणारी गाडी परवडणार नाही, हे मला मान्य आहे. पण आठवड्यातून एकदा कोणीतरी आपल्याकडे काही मागावे, यासाठी दुसरी गाडी बाळगणे मला चैन वाटत नाही.

गेल्या दिवाळीत नरक चतुर्दशीची अंघोळ उरकून मी पडवीत आलो, तर नववीतली माझी मुलगी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन उभी. तिचे वजन ते किती! पण तिने काटा मध्यावर आणला, दांडा ओढला, सोडला, आणि एका किकेत गाडी बोलू लागली. अंधारात पणत्यांच्या ज्योती थरथरल्या. समोरच्या ओट्यावर मिस्त्री कांबळे पांघरून बसले होते. ती मोठ्या अपेक्षेने त्यांच्याकडे पाहू लागली. त्यांनी थोडा वेळ ऐकले, आणि मान न वळवता म्हणाले, "पॉइंट अजून जरा पुढं हाय. बंद कर, पोरी, आन् फिलर आण."

फराळ तासभर थांबला. सौभाग्यवतींनी दारातून हाक मारली, पण या खेपेला नुसती मलाच नव्हे.